पहिली गोळी खाली-डावीकडे का जाते? ड्युटी पिस्तुलाच्या निवडीचं एक प्रकरण

ज्या पोलीस विभागांत प्रत्येकाला एकच ठरलेलं पिस्तूल मिळतं, तिथे निवडीचा प्रश्नच येत नाही. काही विभाग मात्र मान्य पिस्तुलांची यादी देतात आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हे नव्या भरतीवर सोडतात. ज्याने आयुष्यात दहा गोळ्याही झाडलेल्या नाहीत, त्याने पुढची अनेक वर्षं कमरेला लावायचं शस्त्र ठरवायचं, असा हा उलटा प्रकार आहे. इथलं प्रकरण अशाच एका प्रशिक्षणार्थीचं. रेंजवर वारंवार दिसणाऱ्या अडचणी एका व्यक्तीभोवती गुंफून ते मांडलं आहे. त्यामुळे तिचे गुण आणि मोजमापं उदाहरणादाखल समजावीत. पिस्तुलं, काडतुसं आणि त्यांचा इतिहास खरा आहे.

परिस्थिती

वय २४. हात उजवा, पण प्रबळ डोळा (नेम धरताना मेंदू ज्यावर भिस्त ठेवतो तो) डावा. पंजा लहान, बोटं आखूड. प्रशिक्षणाआधी शस्त्राचा अनुभव नाही. निवृत्त पोलीस अधिकारी असलेल्या काकांच्या सल्ल्याने तिने .४० एस अँड डब्ल्यू कॅलिबरचं (गोळीचा व्यास .४० इंच) सिग पी२२६ घेतलं. या पिस्तुलात वाईट काही नाही. पोलादी स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग), अॅल्युमिनियमची फ्रेम, काम चोख. मात्र ते डबल ॲक्शन-सिंगल ॲक्शन प्रकारचं आहे. पहिल्या गोळीला, म्हणजे डबल ॲक्शनमध्ये, ट्रिगर लांब आणि जड, साधारण साडेचार किलोचा. स्लाइड मागे जाताना हॅमर (मागचा हातोडीसारखा भाग) चढतो, म्हणून दुसऱ्या गोळीपासून तोच ट्रिगर आखूड आणि दोन किलोच्या आसपास होतो.

विभागाच्या अटी अशा: ९ मिलिमीटरची तीन पिस्तुलं मान्य आणि जुन्या नियमानुसार .४० अजून चालतं. सरावाचा आणि ड्युटीचा दारूगोळा विभाग देतो. होल्स्टरला हिसकावणी रोखणारं कुलूप हवं. रात्रपाळीसाठी पिस्तुलावर दिवा सक्तीचा. रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) मात्र परिवीक्षा संपून वेगळं प्रशिक्षण झाल्याशिवाय लावता येत नाही. पात्रता चाचणी ५० राउंडांची, ३ ते २५ मीटर अंतरांवरून, आणि उत्तीर्ण व्हायला ४० हवेत. दोन प्रयत्नांत तिचे ३१ आणि ३३ आले. शेऱ्यात लिहिलं होतं, "धक्क्याला घाबरते. कॅलिबर कमी करावं."

शेरा अर्धा बरोबर होता. पण त्यावर विसंबून नुसतं कॅलिबर बदललं असतं, तर तेच पिस्तूल ९ मिलिमीटरमध्ये घेतलं गेलं असतं आणि गुण जेमतेम दोन-तीनने वाढले असते.

निशाण वाचणं

५० भोकं एकाच कागदावर असली की काही कळत नाही. सगळी चूक एकात एक मिसळून जाते. म्हणून पहिली गोळी वेगळी काढली. ७ मीटरवर १५ सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं शेजारी-शेजारी लावली. होल्स्टरमधून पिस्तूल उपसायचं, पहिला राउंड डाव्या वर्तुळावर, दुसरा उजव्यावर. मग लिव्हरने हॅमर सुरक्षितपणे उतरवून पिस्तूल परत होल्स्टरमध्ये. असं दहा वेळा, एकूण २० राउंड.

डाव्या वर्तुळात तीनच लागल्या. उरलेल्या सात खाली आणि डावीकडे, एका हाताच्या पंज्यात मावतील इतक्या जवळ. उजव्या वर्तुळात आठ. उरलेल्या दोनपैकी एक पार वर गेली होती, कारण ट्रिगर एकाएकी हलका झाल्याने ती गोळी तिच्या अपेक्षेआधीच सुटली होती.

आता दोन शक्यता उरल्या. एक, स्फोटाच्या अपेक्षेने मनगट आधीच खाली दाबलं जातंय. दुसरी, बोट ट्रिगरवर नीट पोहोचतच नाही. या दोन्ही वेगळ्या करायला महागडं उपकरण लागत नाही. पिस्तूल पूर्ण रिकामं करायचं, खोलीत एकही जिवंत राउंड ठेवायचा नाही, आणि फोरसाइटच्या (नळीच्या टोकाकडच्या माशीच्या) मागे स्लाइडवर ९ मिलिमीटरचं रिकामं कवच उभं करायचं. मग ट्रिगर दाबायचा. डबल ॲक्शनमध्ये कवच हॅमर पडण्याआधीच डावीकडे कलंडलं, पाचपैकी पाच वेळा. रिकाम्या पिस्तुलाला धक्काच नसतो, त्यामुळे इथे भीतीला दोष देता येत नाही.

नंतर रेंजवर दुसऱ्या कुणीतरी मॅगझिन भरून दिलं, जिवंत राउंडांत न सांगता तीन डमी (न सुटणारे नकली राउंड) मिसळून. डमीवर ट्रिगर दाबला गेला तेव्हा नळीचं तोंड स्पष्ट खाली बुडालं. म्हणजे दोष दोन होते. डावीकडची ओढ पिस्तुलाच्या मापाची होती आणि खालचा झोक अपेक्षेचा. पहिला दोष पिस्तूल बदलून जातो. दुसरा सरावानेच जातो. ही फारकत न करता "ग्रिप घट्ट धर" एवढंच सांगत राहिलं, तर प्रशिक्षणार्थी मूठ आणखी आवळतो आणि दोन्ही दोष वाढतात.

बोट आणि ट्रिगर

माप असं बघायचं. पिस्तूल रिकामं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला जितकी वर बसेल तितकी बसवायची. नळी, मनगट आणि कोपर एका रेषेत आणायचं. ही रेषा न मोडता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सपाट टेकला पाहिजे, आणि बोटाचं मधलं पेर व फ्रेम यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. फट नसेल तर दाबताना बोट फ्रेमला घासतं आणि पिस्तूल ढकलतं. फक्त टोक टेकत असेल तर दाब सरळ मागे न जाता बाजूला जातो आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी डावीकडे पडते.

पी२२६ वर डबल ॲक्शनमध्ये तिचं नखाजवळचं टोकच पोहोचत होतं. नकळत तिने त्यावर तोड काढली होती. पिस्तूल मुठीत थोडं फिरवून ती त्याची मागची बाजू बेचकीऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर टेकवायची. बोट पोहोचायचं, पण धक्का मनगटाच्या रेषेत न जाता अंगठ्यावर यायचा आणि दर दोन गोळ्यांनी पकड सुटायची. सांधा दुखायचा तो वेगळाच. धक्क्याची भीती यातूनच वाढली असावी, कारण ज्या गोष्टीने दुखतं तिची वाट माणूस आधीपासून बघतो.

उपाय म्हणून तिने स्वतः ग्लॉक १९ सुचवलं. लहान हाताला लहान पिस्तूल, हा तर्क जवळपास प्रत्येक जण करतो आणि तो इथे फसतो. ग्लॉक १७ ची नळी ११४ मिलिमीटर आणि मॅगझिन १७ राउंडांचं. १९ ची नळी १०२ आणि मॅगझिन १५ चं. मूठ उंचीला कमी होते, घेराला नाही. मागच्या कण्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर दोन्हीत तेच. लपवून बाळगायचं नसेल तर १९ घेऊन बोट एक मिलिमीटरही जवळ येत नाही. उलट वजन कमी झाल्याने झटका किंचित वाढतो, आणि घाईत मॅगझिन बदलताना तळव्याची कातडी मुठीच्या तळाशी चिमटते.

कॅलिबरचा वाद

काकांचा आग्रह .४० चा होता आणि त्या पिढीसाठी तो समजण्यासारखा आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली ११५ ग्रेनची (साधारण साडेसात ग्रॅमची) ९ मिलिमीटर गोळी दंडातून छातीत शिरली, पण हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ आणि कमाल १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४६ सेंटिमीटर शिरकाव हा निकष धरला. सरळ, जाड कपड्यांतून, काचेतून, पत्र्यातून अशा चाचण्या ठरल्या. त्या लाटेत एफबीआयने आधी १० मिलिमीटर स्वीकारलं आणि १९९० मध्ये .४० आलं.

गोळ्यांची बनावट नंतर सुधारली. आजची चांगली पोकळ टोकाची ९ मिलिमीटर गोळी तोच निकष पूर्ण करते. एफबीआय स्वतः ९ मिलिमीटरकडे परतली आणि २०१६ मध्ये तिने त्या कॅलिबरच्या पिस्तुलांचं कंत्राट ग्लॉकला दिलं. धक्का कमी, त्याच आकारात दोन-तीन राउंड जास्त, सरावाचा दारूगोळा स्वस्त, पिस्तुलाची झीज कमी. इथे विभाग १२४ ग्रेनचा, म्हणजे साधारण ८ ग्रॅमच्या गोळीचा राउंड देत होता. दारूगोळा विभाग देत असताना कॅलिबरवर यापेक्षा जास्त वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

तीन पिस्तुलं, एक दुपार

ग्लॉक १७ जेन५ (पाचवी पिढी), स्मिथ अँड वेसन एम अँड पी ९ एम२.० आणि सिग पी३२०. तिन्ही स्ट्रायकरवर (हॅमरऐवजी आतल्या स्प्रिंगच्या खिळीवर) चालणारी, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गोळीचा ट्रिगर सारखाच. पी२२६ सोडल्याचा खरा फायदा इथेच होता. एकच दाब शिकायचा.

मुठीचं माप तिन्हीत वेगळ्या रीतीने बदलतं. ग्लॉकच्या मूळ फ्रेमवर काही न लावता ती सगळ्यात आखूड असते. मुठीच्या मागे लावायच्या सोबतच्या पट्ट्या ट्रिगरपर्यंतचं अंतर २ आणि ४ मिलिमीटरने वाढवतात. दुकानात किंवा शस्त्रागारात ठेवलेल्या नमुन्यावर आधीच एखादी पट्टी चढवलेली असते आणि लहान हाताचा माणूस "हे बसत नाही" म्हणून परत ठेवतो. पिन ढकलून ती काढायची आणि मग बघायचं. एम अँड पी सोबत चार मापांची मागची बाजू येते, तिच्यासाठी सर्वांत लहान लावली. पी३२० ची अख्खी मूठच बदलते, कारण त्याचं अनुक्रमांक असलेलं यंत्र आतून वेगळं निघतं.

मूठ सर्वांत छान बसली पी३२० ची. तरी ते बाजूला ठेवलं. २०१७ मध्ये ठरावीक कोनात पडल्यावर गोळी सुटल्याच्या घटना पुढे आल्या आणि कंपनीने ऐच्छिक सुधारणा जाहीर केली. पुढेही ट्रिगर न दाबता गोळी सुटल्याचे दावे न्यायालयांत गेले. कंपनीने दोष नाकारला आहे, पण काही विभागांनी ते पिस्तूल वापरातून काढलं. परिवीक्षेतल्या माणसाने असं शस्त्र घेऊ नये जे विभाग उद्या यादीतून काढू शकतो. जुनं पी३२० कुणी घेतच असेल, तर अनुक्रमांकावरून ती सुधारणा झालेली आहे का हे आधी तपासावं.

उरलेल्या दोन पिस्तुलांवर तीच २० राउंडांची चाचणी. पहिल्या गोळीच्या वर्तुळात ग्लॉकने आठ, एम अँड पीने आठ. बरोबरी. मग बाकीचं पाहिलं: अंगठ्याने मॅगझिनचं बटण दाबताना मूठ किती फिरवावी लागते, ओल्या हातांनी स्लाइड ओढता येते का, नव्या स्प्रिंगच्या मॅगझिनमध्ये सतरावा राउंड बसतो का. स्लाइड ओढण्यात ती आधी कमी पडत होती. ती चिमटीत धरून ओढायची. चार बोटं वरून स्लाइडच्या मागच्या भागावर घट्ट ठेवून, मूठ धरलेला हात पुढे ढकलत दुसरा मागे खेचला की ताकदीचा प्रश्न राहिला नाही. सतराव्या राउंडसाठी लोडर वापरावा, अंगठ्याशी झुंजू नये.

साफसफाईसाठी पिस्तूल उघडण्यात फरक आहे. एम अँड पी आतली छोटी कळ पाडून ट्रिगर न दाबता उघडता येतं. ग्लॉक उघडताना ट्रिगर दाबावाच लागतो. साफसफाईच्या वेळी सुटलेल्या गोळ्यांमागे बहुधा क्रम चुकलेला असतो. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर वरचा राउंड तोवर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी राउंड बसायच्या जागेत) शिरलेला असतो. मॅगझिन आधी, मग स्लाइड तीनदा, मग डोळ्यांनी आणि करंगळीने चेंबर, आणि मगच सुरक्षित दिशेला ट्रिगर. या मुद्द्यावर एम अँड पी सरस आहे, यात शंका नाही.

तरी निवड ग्लॉकची झाली, आणि कारण रुक्ष होतं. त्या विभागात बहुतेकांकडे तेच होतं. जोडीदाराचं मॅगझिन आपल्या पिस्तुलात बसतं, आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) सुटे भाग पडलेले असतात, दिव्यासकट बसणारी होल्स्टरं सहज मिळतात. नेमबाजीत बरोबरी असेल तर निकाल या गोष्टींनीच लावावा.

डाव्या डोळ्याचा प्रश्न सगळ्यांनी मोठा केला होता. कुणी हात बदलायला सांगत होतं, कुणी चष्म्याच्या काचेवर टेप लावायला. पिस्तूल खांद्याला टेकत नाही, त्यामुळे ते दोन-तीन सेंटिमीटर डावीकडे आणलं, हनुवटी किंचित उजवीकडे वळवली, की फोरसाइट डाव्या डोळ्यासमोर येतं. प्रश्न संपला.

दिवा आधी, होल्स्टर नंतर

क्रम उलटा झाला तर पैसे दोनदा जातात. कुलूपवालं ड्युटी होल्स्टर पिस्तूल आणि दिवा या जोडीच्या मापाचं असतं. स्ट्रीमलाइट टीएलआर-१ साठीच्या होल्स्टरमध्ये शुअरफायर एक्स३०० नीट बसेलच असं नाही, आणि दिवा न लावलेलं पिस्तूल दिव्याच्या होल्स्टरमध्ये खुळखुळतं. तिने टीएलआर-१ एचएल घेतला: १,००० ल्युमेन, सीआर१२३ए च्या दोन बॅटऱ्या, सलग साधारण दीड तास. बॅटरी ठरलेल्या तारखेला बदलावी, मंद होण्याची वाट बघू नये. पट्ट्यावरचा हातातला दिवा तरीही हवाच. पिस्तुलावरच्या दिव्याने कुणाचा चेहरा किंवा कागद बघायचा म्हणजे त्याच्यावर नळी रोखणं होय.

होल्स्टर सॅफरीलँडचं, वरची टोपी आणि आतलं स्वयंचलित कुलूप असं दुहेरी. अडचण उंचीची आली. धड आखूड आणि कंबर रुंद असली की कमरेच्या उंचीवरचं होल्स्टर बाहेर कलतं, मूठ फासळ्यांत रुतते आणि पिस्तूल बाहेर काढताना कोपर काखेपर्यंत उचलावं लागतं. स्त्रियांना आणि बुटक्या पुरुषांना हे हमखास होतं. त्यावर पट्ट्याचा जोड बदलून होल्स्टर मध्यम उंचीवर, काही सेंटिमीटर खाली आणायचं. मांडीपर्यंत खाली आणू नये. धावताना ते हेलकावे खातं आणि झटापटीत हात तिथवर पोहोचत नाही.

उपसण्याचा सराव रिकाम्या पिस्तुलाने रोज १५ मिनिटं, पहिले दोन आठवडे घड्याळ न लावता. टोपी उघडणं आणि आतलं कुलूप सोडणं ही दोन कामं अंगठा पूर्ण पकड बसवतानाच करतो. पकड नंतर सुधारायला जावं तर पहिली गोळी पुन्हा खाली जाते. परत ठेवताना मात्र घाई नको आणि नजर होल्स्टरवर हवी. जॅकेटची नाडी ट्रिगरच्या कड्यात अडकून पिस्तूल खाली ढकलताना गोळी सुटू शकते. तिच्या पावसाळी जॅकेटची कमरेची नाडी म्हणूनच कापून टाकली.

कमरेला लावण्याआधी

तीन मॅगझिनं, तळाला रंगाने १, २, ३ लिहिलेली. एक पिस्तुलात, दोन पट्ट्यावर. चेंबरमधला धरून ५२ राउंड. सरावाचे २०० आणि ड्युटीचे ५० राउंड तिन्ही मॅगझिनांतून झाडायचे आणि प्रत्येक अडथळा नोंदवायचा. ड्युटीचे राउंड महाग म्हणून ही पायरी गाळली जाते. पोकळ टोक चेंबरकडे जाताना अडकतं की नाही, हे दुसऱ्या कुठल्याच मार्गाने कळत नाही.

नोंदीत एकच गोष्ट वारंवार आली: मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकून राहत नव्हती. संशय मॅगझिन २ वर गेला. पण तीच गोष्ट १ आणि ३ सोबतही घडत होती, आणि प्रशिक्षकाच्या हातात तिन्ही मॅगझिनं व्यवस्थित चालत होती. दोष मॅगझिनच्या मागे गेला तर मॅगझिन बदलावं, पिस्तुलाच्या मागे गेला तर आर्मरर, आणि हाताच्या मागे गेला तर हात बघावा. इथे तिचा उजवा अंगठा स्लाइड अडकवणाऱ्या खटक्यावर टेकत होता आणि त्याला वर उठूच देत नव्हता. अंगठा डाव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळावर ठेवायला लावला. पुढच्या १०० राउंडांत ते एकदाच झालं.

तिसऱ्या प्रयत्नात ४३ आले. १५ मीटरपर्यंत एकही गोळी बाहेर नव्हती. हुकलेल्या सातही २५ मीटरवरच्या होत्या आणि सगळ्या खाली. डावीकडे मात्र एकही नाही. मापाचा दोष गेला, अपेक्षेचा राहिला. त्यासाठी डमी मिसळलेलं मॅगझिन प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, दमण्याआधी. दहात दोन-तीन डमी पुरतात.

रोज ड्युटीनंतर पिस्तूल रिकामं करायचं आणि सकाळी भरायचं असेल तर आणखी एक गोष्ट तिला सुरुवातीलाच शिकवली गेली. तोच राउंड पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये आपटला की गोळी कवचात मागे दबत जाते आणि झाडताना दाब धोकादायक वाढतो. त्या राउंडवर मार्करने खूण करायची, नव्या राउंडशेजारी उभा करून उंची ताडून बघायची, आणि आखूड दिसला की तो आर्मररकडे जमा करायचा.